दोन चाकांनीं ओढावें कीं चारांनीं ?

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या २२ तारखेपासून ट्रॅक्टरवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून शेंकडा ५ वर आला. तेव्हांपासून आपल्या जळगांव-धुळें भागांत ट्रॅक्टर घेण्याच्या गोष्टी फार ऐकूं येतात; कोणत्याहि बाजाराच्या गांवीं तासभर उभें राहिलें तरी हें कळून येईल. कर कमी झाला हें चांगलेंच झालें. परंतु वांचलेले पैसे गांठीं न ठेवतां त्यांत आणखी तितकेच घालून "फोर बाय फोर"च घ्यावा, अशी जी एक लाट उठली आहे, तिजविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आल्यावरून हा लेख. विकणारा सांगतो, शेजारी सांगतो, आणि घरांतील तरुण मुलगा तर मोबाईलवर चित्रें दाखवून सांगतो कीं, चारी चाकांनीं ओढणारा तोच खरा ट्रॅक्टर, दोन चाकांनीं ओढणारा आतां जुना झाला. माझें मत असें कीं, ही गोष्ट कांहीं रानांत पूर्ण खरी आहे, कांहींत अर्धी खरी आहे, आणि आपल्या बहुतेक कोरडवाहू कपाशीच्या रानांत खर्चाच्या मानानें पाहतां खरी नाहीं.

मी कारखान्यांत शिकलेला मनुष्य नव्हे. नोकरी सारी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. पण त्या दप्तरामुळेंच ही लेखणी उचलण्याचा धीर झाला. ट्रॅक्टरचें कर्ज म्हणजे काय हें दुकानांत कळत नाहीं; तें सात-बाराच्या उताऱ्यावर "इतर हक्क" या सदरांत कळतें. तेथें कर्ज देणाऱ्याचा बोजा लिहिला जातो. बोजा चढविण्याचा फेरफार थोड्या दिवसांत मंजूर होतो. तो कमी करण्याचा फेरफार लिहावयास मिळण्यापूर्वींच खातेदाराचें नांव जाऊन त्याच्या जागीं वारसांचीं नांवें लागलेलीं मीं पाहिलीं आहेत. १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला, तरी घरोघरच्या वांटण्या कांहीं थांबल्या नाहींत. बापानें काढलेला बोजा मुलांच्या वांटणीबरोबर जातो. अशा कर्जांतील शेवटचे लाख-सवा लाख कशाचे होते हें शोधूं गेल्यास पुष्कळदां तें गरजेहून मोठ्या यंत्राचें मोल निघतें.

आधीं मूळ गोष्ट पाहूं. इंजिन कितीहि बळकट असलें तरी ट्रॅक्टरला पुढें ढकलते ती माती. चाकाचा दांता मातींत रुतून तिला मागें रेटतो. माती जागची न हालली तर ट्रॅक्टर पुढें सरकतो, आणि माती हालली तर चाक जागींच फिरतें. माती किती सोसेल हें दोन गोष्टींवर असतें. एक मातीचा घट्टपणा, आणि दुसरी ओढणाऱ्या चाकावर पडलेलें वजन. जें चाक ओढीत नाहीं त्याच्यावरचें वजन ओढीच्या कामीं फुकट जातें.

भुसावळच्या मंडळींस हें सांगावयास नको. वाफेच्या दिवसांत मेल गाडी ओढणारें डब्ल्यू. पी. जातीचें इंजिन, मागचा कोळशापाण्याचा डबा सोडून, बारा चाकांवर उभें असे, पण त्यांतील ओढणारीं चाकें सहाच. मालगाडीचें डब्ल्यू. जी. जातीचें इंजिनहि बारा चाकांचें, पण त्याचीं ओढणारीं आठ. मालगाडीला वेगापेक्षां ओढ महत्त्वाची, म्हणून तेथें अधिक चाकें कामास लाविलीं. हल्लींच्या सहा आंसांच्या विजेच्या इंजिनांत प्रत्येक आंसाला निराळी मोटर असून बाराहि चाकें ओढतात. तरी ओल्या रुळावर चाक घसरूं लागलें म्हणजे वाळू सोडावी लागतेच. तेव्हां अधिक चाकें ओढीस लावल्यानें बळ वाढतें यांत वाद नाहीं. वाद एवढाच कीं, तें बळ आपल्या रानांत लागतें किती व त्याला पडतें काय.

आपल्याकडील नेहमींच्या ट्रॅक्टरमध्यें इंजिनाची शक्ति क्लच, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियल या वाटेनें मागच्या दोन मोठ्या चाकांस पोंचते. पुढचीं लहान चाकें केवळ दिशा दाखवितात. उभ्या ट्रॅक्टरच्या एकंदर वजनापैकीं सुमारें शेंकडा साठ ते पासष्ट मागच्या आंसावर असतें, आणि नांगर जमिनींत उतरून ओढ लागली म्हणजे पुढचें आणखी कांहीं वजन मागें येतें. हॅरी फर्ग्युसन यानें तीन सांध्यांची हायड्रॉलिक जोडणी काढली, ती १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राऊन व १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरांतून जगभर पसरली. तिची खुबी हीच कीं, नांगराचें व नांगरावर पडलेल्या मातीचें ओझें मागच्या चाकांवर घेऊन हलक्या ट्रॅक्टरकडूनहि भारी ओढ काढतां यावी. आज आपल्या दारीं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला तीच जोडणी आहे. म्हणजे दोन चाकांचा ट्रॅक्टर हा अर्धवट राहिलेला चार चाकांचा ट्रॅक्टर नव्हे. तो आपल्या रीतीनें पुरा विचार करूनच बनविला आहे.

त्याचें एक व्यंग मात्र आहे, आणि तें डिफरन्शियलचें. वळतांना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावें लागतें, म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरूं देणारी ही सोय केली. पण ती जुवासारखी आहे. मध्यें बांधलेल्या जुवाचा एक बैल बसला तर जूं तिरपें होतें आणि दुसऱ्या खड्या बैलाचें बळहि वांया जातें. तसेंच एक चाक चिखलांत फिरूं लागलें कीं कोरड्या जागेवरचें दुसरें चाकहि निर्बळ होतें, कारण दोघांस सारखेंच बळ वांटून मिळतें. याकरितां पायाखालीं डिफरन्शियल लॉकची कळ दिलेली असते. ती दाबली असतां दोन्ही चाकें एकजीव होतात. ट्रॅक्टर बाळगून वर्षें झालीं, पण ही कळ कधीं दाबली नाहीं असे खातेदार मला पुष्कळ भेटले. ट्रॅक्टर अडकला म्हणून दुसरा ट्रॅक्टर बोलावितात, साखळदंड आणतात, आणि पायाखालची कळ तशीच राहते! फक्त चाक फिरत असतांना ती दाबूं नये, आणि ती लागलेली असतांना वळूं नये.

आतां फोर बाय फोर. यांत गिअरबॉक्सपासून एक जास्तीचा दांडा पोटाखालून पुढच्या आंसाकडे जातो. पुढच्या आंसांतहि क्राऊन-पिनियन, डिफरन्शियल आणि चाकाजवळचे दांते असा सर्व संसार असतो, आणि एका लिव्हरनें हा दांडा जोडतां किंवा सोडतां येतो. पुढचीं चाकें मागच्यांहून लहान असल्यामुळें तीं अधिक फेरे घेतात, व दांत्यांचा हिशेब मुद्दाम असा ठेवितात कीं, पुढच्या चाकाची कड मागच्यापेक्षां शेंकडा एक ते पांच इतकी अधिक धांवावी. असें कां, हें ज्यानें चार बैलांचा नांगर हांकला आहे त्याला लगेच उमगेल. पुढच्या जोडीची साखळी सैल राहिली तर ती जोडी नुसती शोभेची. पुढची जोडी किंचित् ओढून राहिली तरच चार बैलांचें काम होतें. मऊ मातींत हा थोडा फरक चाकाच्या घसरण्यांत जिरून जातो. डांबरी सडकेवर चाक घसरत नाहीं. तेव्हां तो फरक दांडा, दांते आणि टायर यांना आपल्या अंगावर घ्यावा लागतो.

हें अंगावर घेणें कसें असतें तें घरींच पाहिलें. माझ्या पुतण्याकडे जमीन अकरा एकर, त्यांत विहिरीखालीं चार, बाकी कोरडवाहू कपाशी. त्यानें दोन वर्षांपूर्वीं ५० अश्वशक्तीचा फोर बाय फोर घेतला. विकणाऱ्यानें लिव्हर दाखविली, पण ती केव्हां सोडावी हें सांगितलें नाहीं, आणि यानेंहि विचारलें नाहीं. हंगामभर कापसाच्या व मक्याच्या ट्रॉल्या त्यानें चारी चाकें जोडलेलीं ठेवूनच सडकेनें नेल्या. मागच्या टायरांची निम्मी झीज झाली नाहीं तोंच पुढचे गुळगुळीत झाले. मग पुढचेच तेवढे नवे बसविले. आतां मागचे झिजून लहान झालेले व पुढचे कोरे, यामुळें दोहोंच्या चालींतील फरक आणखी वाढला. आणि कांहीं महिन्यांत पुढच्या आंसांतून जो आवाज येऊं लागला तो गॅरेजांत गेल्यावांचून थांबला नाहीं. पुतण्या म्हणतो, यंत्रच वाईट. मी म्हणतों, यंत्र बरें आहे, तें ज्या रानासाठीं केलें त्या रानांत तें नाहीं आणि ज्या रीतीनें चालवावयाचें त्या रीतीनें तें चाललें नाहीं. या वादांत आमचें जेवण पुष्कळ वेळां थंड झालें आहे.

असो. मुख्य प्रश्न पैशाचा आहे, म्हणून हिशेब करूं. अमेरिकेंतील कृषि-अभियंत्यांच्या संस्थेनें एक कोष्टक प्रसिद्ध केलें आहे. ट्रॅक्टरच्या पी. टी. ओ. दांड्यावर जी शक्ति मिळते तिच्यापैकीं किती शक्ति प्रत्यक्ष ओढींत उतरते, हें त्यांत निरनिराळ्या जमिनींकरितां दिलें आहे. काँक्रीटवर दोन चाकांच्या व पुढचा आंस चालणाऱ्या अशा दोन्ही ट्रॅक्टरांत शंभरांतील ८७ भाग ओढींत येतात, फरक शून्य. घट्ट रानांत दोन चाकांचा ७२ देतो, चारांचा ७७. नांगरलेल्या रानांत ६७ विरुद्ध ७३. अगदीं मऊ भुसभुशीत रानांत ५५ विरुद्ध ६५. रान जसजसें मऊ तसतसा चार चाकांचा फायदा वाढत जातो, हें यावरून उघड होईल.

आतां आपली उन्हाळी नांगरट धरा. कपाशीच्या पऱ्हाट्या निघाल्यावर माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आपण काळी जमीन पलटी नांगरानें उलथतों. तेव्हां ती तापून दगडासारखी झालेली असते. ओढ भारी लागते हें खरें, पण चाकाखालचें रान घट्ट असतें, म्हणून वरच्या कोष्टकांतील घट्ट रानाचा आंकडा येथें लागू. एकरीं सहा लिटर डिझेल व ९० रुपये लिटर धरूं. ७२ च्या जागीं ७७ भाग ओढींत आले तर एकरीं सुमारें ०.३९ लिटर, म्हणजे ३५ रुपये वांचतील. आणि चार चाकांच्या ट्रॅक्टरला जास्तीचे सवा लाख रुपये पडले व व्याज शेंकडा १० धरलें, तर पहिल्या वर्षाचें नुसतें व्याजच १२,५०० रुपये होतें. तें डिझेलमधून भरून काढण्यास वर्षाकांठीं साडेतीनशें एकरांहून अधिक नांगरट पाहिजे! मुद्दल, पुढचे महाग टायर, पुढच्या आंसाचें तेल व सीलें यांचा यांत हिशेबच नाहीं. मऊ रानांत एकरीं सुमारें ८३ रुपये वांचतील. तेथेंहि दीडशें एकर लागतात. अकरा एकरांच्या खातेदारानें हे एकर आणावे कोठून? ज्याचा धंदाच भाड्यानें नांगरट करण्याचा आहे त्याची गोष्ट वेगळी. तो हे आंकडे मजपेक्षां चांगले जाणतो, आणि त्यानें फोर बाय फोर घेतला तर तो चुकतो असें मी म्हणणार नाहीं. व्याजाचे व डिझेलचे आंकडे मीं धरलेले आहेत. ज्यानें त्यानें आपल्याकडचे घालून हाच हिशेब पुन्हां मांडावा.

दुसरी गोष्ट रोटाव्हेटरची. नांगर, वखर, कल्टिव्हेटर हीं औजारें चाकांच्या ओढीनें चालतात. रोटाव्हेटर तसा चालत नाहीं. त्याची शक्ति चाकांतून न जातां पी. टी. ओ. दांड्यानें सरळ पात्यांस मिळते, आणि तीं पातीं पुढच्या दिशेनेंच फिरत असल्यामुळें ट्रॅक्टरला मागून उलट ढकलीतच असतात. तेथें चार चाकें ओढावयास लावून ओढणार काय? मळणीयंत्र, फवारणीचा पंप, चाराकुट्टी यांचेंहि तेंच. ज्याच्या ट्रॅक्टरचे वर्षांतील निम्मे तास रोटाव्हेटर, मळणी व सडकेवरील ट्रॉली यांत जातात, त्यानें त्या निम्म्या तासांकरितां पुढच्या आंसाचे पैसे भरूं नयेत.

यावर तरुण मंडळींचें एक उत्तर मीं ऐकलें आहे, व तें दुर्लक्ष करण्यासारखें नाहीं. ते म्हणतात, डिझेल वांचो न वांचो, वेळ वांचतो. पाऊस उघडल्यावर दोन चाकांचा ट्रॅक्टर ज्या रानांत चार दिवस जाऊं शकत नाहीं, तेथें फोर बाय फोर दुसऱ्या दिवशीं जातो. हें खरें आहे. आणि मला भीति वाटते ती याचीच. आपल्या काळ्या जमिनीला वाफसा म्हणून कांहीं चीज आहे. बैल ओल्या रानांत पाय टाकीत नसे, त्याच्या पायाला चिकटणारा चिखलच धन्याला थांबवी. मागच्या दोन चाकांचा ट्रॅक्टरहि घसरून थांबवितो. चार चाकांचा थांबवीत नाहीं. तो वाफसा येण्याआधीं रानांत शिरतो, वरून काम झाल्यासारखें दिसतें, आणि चाकांखालीं ओली माती दाबली जाऊन जो थर घट्ट होतो त्यांत पुढें पाणी मुरत नाहीं व कपाशीची मुळी वांकडी होते. ज्यास वाफशाची वाट पाहण्याचा संयम आहे त्याच्या हातीं हें यंत्र चांगलें. ज्यास नाहीं त्याच्या हातीं तें रान बिघडविण्याचें साधन होईल.

इतकें लिहिल्यावर मी फोर बाय फोरचा शत्रु आहे असें कोणी समजूं नये. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीच्या बागा पाहा. ठिबकामुळें तेथील जमीन बारमाही ओलसर असते, आणि पांच-सहा फुटांच्या पट्ट्यांतून यंत्र जावयाचें म्हणजे तें अरुंद व हलकेंच पाहिजे. हलक्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर वजन तें किती पडणार? तेथें अठरा ते अठ्ठावीस अश्वशक्तीचा छोटा, चारी चाकांनीं ओढणारा ट्रॅक्टर हाच योग्य. तो स्वतःचें सगळें वजन ओढीस लावतो, म्हणून मोठ्या जड ट्रॅक्टरपेक्षां रानाला कमी दाबतो. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांत भाताची चिखलणी असते, तेथेंहि तीच गोष्ट. फक्त चिखलांत चाललेल्या पुढच्या आंसाचीं सीलें दरवर्षीं पाहून घ्यावीं, पाणी आंत गेलें तर तेल दुधासारखें होतें. सातपुड्याच्या पायथ्याच्या चढउताराच्या रानांत आणखी एक लाभ आहे. साध्या ट्रॅक्टरचा ब्रेक मागच्या चाकांनाच असतो. चारी चाकें जोडलेलीं असलीं म्हणजे ब्रेकचा जोर त्याच दांड्यावाटे पुढच्या चाकांनाहि मिळतो, आणि भरलेली ट्रॉली घेऊन उतरतांना माणसाचा जीव वांचतो. अशा तीव्र उतारापुरती सडकेवरहि लिव्हर जोडावी व गिअर खालचा ठेवावा. उतार संपला कीं सोडावी.

मोठा फोर बाय फोर ज्यांनीं आधींच घेतला आहे त्यांस एक सांगणें आहे. पुढचें चाक ओढीस लाविलें एवढ्यानें तें ओढीत नाहीं. त्याच्यावर वजनहि पाहिजे. अशा ट्रॅक्टरच्या पुढच्या आंसावर एकंदर वजनाचा शेंकडा चाळीस ते पंचेचाळीस भाग असावा लागतो. नांगर लावल्यावर पुढा हलका होतो, तेव्हां पुढें लोखंडी वजनें अडकविलीं नाहींत तर पैसे चार चाकांचे आणि ओढ दोन चाकांची असें होतें. टायर बदलतांना मापाकडे पाहावें. पुढचें व मागचें माप एकमेकांस जुळवूनच कारखान्यानें दांत्यांचा हिशेब बसविलेला असतो. साध्या ट्रॅक्टरला पुढें ६.००-१६ चा टायर झिजला तर दुसरा आणून टाकतां येतो, तशी मोकळीक येथें नाहीं. आणि फोर बाय फोरला वळावयास जागा जास्त लागते, हें लहान वावरांच्या धन्यांनीं घेण्याआधींच बांधाजवळ वळवून पाहावें.

ज्यांस घ्यावा कीं न घ्यावा हें ठरवावयाचें आहे, त्यांनीं आधीं खडूचा एक तुकडा घ्यावा. आपल्याच दोन चाकांच्या ट्रॅक्टरच्या, किंवा भाड्यानें बोलाविलेल्या ट्रॅक्टरच्या, मागच्या चाकावर रेघ मारावी. ज्या रानांत काम करावयाचें त्याच रानांत औजार उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवावें, आणि आरंभीं व शेवटीं खुंटी मारावी. मग औजार लावून त्याच दोन खुंट्यांमध्यें किती फेरे होतात तें मोजावें. साडेअकरा झाले तर साडेअकरांत दीड फेरा वांया गेला, म्हणजे घसर शेंकडा तेरा. साडेबारा झाले तर शेंकडा वीस. दोन चाकांच्या ट्रॅक्टरला शेंकडा दहा ते पंधरा घसर ही योग्यच आहे. ती मुळींच नसेल तर ट्रॅक्टर उगाच जास्तीचें वजन वागवितो आहे असें समजावें. पंधराच्या वर गेली तर प्रथम नांगराची खोली थोडी कमी करावी, हवेचा दाब पुस्तकांत दिल्याप्रमाणें आहे कीं नाहीं पाहावें, मागच्या टायरांत पाऊण भागापर्यंत पाणी भरावें. थंड देशांत पाणी गोठूं नये म्हणून त्यांत औषध घालावें लागतें. जळगांवच्या उन्हांत ती काळजी नाहीं! पाणी व वजनें यांस लागणारा खर्च पुढच्या आंसाच्या मानानें किरकोळ आहे. नांगरट संपली कीं तें वजन काढून टाकावें. हें सर्व करूनहि घसर वीसाच्या खालीं येत नसेल, तर त्या रानाला चार चाकें पाहिजेत असें खुशाल समजावें.

आणखी एक साधन आपल्या शेजारीं असून आपण वापरीत नाहीं. मध्यप्रदेशांत बुधनी येथें केंद्र सरकारची कृषियंत्रांचें शिक्षण देणारी व त्यांची परीक्षा घेणारी संस्था १९५५ सालापासून आहे. तिच्या मागची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १९४७ सालीं लष्कराचे उरलेले पट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली, व मध्यप्रदेश, भोपाळ वगैरे भागांतील काळ्या जमिनींत माजलेली कांस तिनें खणून काढावयास घेतली. १९४९ सालीं त्या कामाकरितां जागतिक बँकेचें कर्जहि काढलें. लोखंडी पट्ट्याचा ट्रॅक्टर ही तिसरी जात. ओढीला तिच्यासारखी दुसरी नाहीं, मऊ रानांतहि शंभरांतील ७८ भाग ती ओढींत उतरविते, पण सडकेवरून गांवोगांव हिंडण्याच्या ती उपयोगी नाहीं, म्हणून आपल्या घरीं ती आली नाहीं. असो. बुधनीच्या परीक्षेचे अहवाल छापलेले असतात. एखाद्या ट्रॅक्टरची पी. टी. ओ. वरची शक्ति किती, वजन घालून व न घालतां ओढ किती, पुढच्या-मागच्या आंसावर वजन किती, हें सर्व त्यांत असतें. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. तो इंजिनाचे अश्वशक्तीचे आंकडे सांगूं लागला तर ओढीचा आंकडा विचारावा.

गेल्या वैशाखांत पुतण्याच्या त्याच ट्रॅक्टरवर आम्हीं दोघांनीं खडूची रेघ मारून मोजलें. रान कपाशीचें, कोरडें, नांगर नेहमींचा. लिव्हर सोडून साडेअकरा फेरे झाले, जोडून पावणेअकरा. म्हणजे शेंकडा तेरा व शेंकडा सात. त्यानें तीनदां मोजलें, कारण पहिल्या दोन वेळां त्याचा विश्वास बसला नाहीं. तेव्हांपासून उन्हाळी नांगरट तो लिव्हर सोडूनच करतो, आणि विहिरीखालच्या चार एकरांत भरणें दिल्यावर जावें लागलें तरच ती जोडतो. कर्जाचे हप्ते अजून तीन वर्षें आहेत.